भरमाण्णाचा कुंभा नावाडी

परवा वाचनालयाच्या वार्षिक सभेत आमच्या वकीलसाहेबांनी तो किस्सा पुन्हा सांगितला. पुण्याच्या मोठ्या लेखकाला भरमा आचाऱ्यानं दगड घातलेलं मटण कसं वाढलं, लेखक नाकाला रुमाल लावून कसा मागं सरला, आणि मग भरमा 'तुमचा नावाडी कुठं गेला' म्हणत त्याच्या मागं कसा लागला. साहेब नक्कल छान करतात. खांदे पाडतात, तोंड वासतात, 'व्हय जी, व्हय जी' म्हणतात. सभा पोट धरून हसली. भरमाण्णा जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. मेलेल्या माणसाची नक्कल बघत बिस्किटं चहात बुडवणाऱ्या त्या माणसांची मला अशी शिसारी आली, की हातातला कप तसाच ठेवून मी उठले. अठ्ठावीस वर्षं मी तिथं ग्रंथपाल होते. घरी येऊन हातपाय धुतले, तरी अंगाला काहीतरी चिकटलंय असंच वाटत राहिलं.

म्हणून लिहायला बसले. किस्सा सांगायचाच तर सगळा सांगावा, आपल्या सोयीचा तेवढा नव्हे.

आणि सगळा सांगायचा तर आधी हे कबूल करायला हवं, की भरमाण्णाची पहिली किळस मलाच आली होती.

आमचं वाचनालय शहापुरात, एका अरुंद गल्लीत. शेजारी विणकरांचे दोन-तीन माग अजून चालतात, त्यांची खडखड दिवसभर कानावर. वाचक म्हणजे पेपर चाळणारे पेन्शनर आणि मासिकं नेणाऱ्या बायका. त्यांत हा माणूस एक दिवस आला. काळा, दणकट, खांद्यावर टॉवेल, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून वर आलेला पळीचा लांब दांडा. खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठं जत्रा असो, बारसं असो, मटण भरमाण्णाचं. येऊन म्हणाला, "आक्का, राक्षसाची, राजाची असली बुकं हायेत काय?" मी सामाजिक कादंबऱ्यांचं कपाट दाखवलं. त्यानं मान हलवली. म्हणाला, संसाराचं नको, ते घरात हाय की.

त्यानं नेलेलं पहिलं पुस्तक परत आलं तेव्हा मी ते टेबलावर आपटलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात अंगठा. पिवळा, हळदीचा, तेलकट. उघडलं की खड्या मसाल्याचा भपकारा. आणि खूण म्हणून मधे चक्क तमालपत्र. मी चिमट्यानं ते उचलून केरात टाकलं आणि त्याला म्हटलं, "शी, पुस्तकाची काय दशा केलीत ही!" माझा आवाज गल्लीतल्या मागांच्या वर जातो, अख्ख्या वाचनालयानं वर बघितलं. तो ओशाळला. म्हणाला, मटण शिजायला दोन-अडीच तास, तेवढाच वेळ मिळतोय, चुलीजवळनं उठता येत न्हाय. दुसऱ्या दिवशी मी त्याला प्लॅस्टिकचे हातमोजे दिले. त्यानं ते इमानानं वापरले. पण मोज्यानं पान उलटेना, म्हणून तो मोज्याचं बोट जिभेला लावून उलटायचा. ते पुस्तक तर मला हातातही धरवेना. शेवटी मी मोजे परत घेतले आणि त्याच्यासाठी एक फळीच वेगळी केली. त्या फळीपासून मी सोवळ्यातल्या बाईसारखी चार हात लांबून जायचे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं मटण असलं, की घरधनी येऊन बघणार, आचारी पातेल्याकडं पाठ करून वाचत बसलाय. घरधनी ओरडायचा. भरमाण्णा पुस्तकातून मान वर न करता सांगायचा, "तुमी नका हाक मारू, शिजलं की मटणच हाक मारतंय." आणि खरंच, वाफेचा वास बदलला की तो तमालपत्र पानात घालून उठायचा. मीठ त्यानं कधी चाखलं नाही. वाफ नाकानं ओढायचा आणि सांगायचा, अजून एक मूठ. वडगावच्या एका लग्नात तो पातेल्यावर वाकून ढसाढसा रडताना सापडला. कांदा असेल म्हणून बायका हसल्या. कांदा सकाळीच चिरून झाला होता. राजपुत्राची घोडी मेली होती.

त्याची आणखी एक खोड होती. कुठल्याच पुस्तकाची शेवटची दोन पानं तो घरी वाचायचा नाही. वाचनालयात यायचा, माझ्या टेबलासमोर उभा राहून, ओठ हलवत ती दोन पानं संपवायचा आणि पुस्तक तिथंच माझ्या हातात द्यायचा. म्हणायचा, शेवट घरी नेऊ नये, मग त्यो घरातच बसतोय.

तर त्या पुण्याच्या लेखकाची ही सहा भागांची कादंबरी. लेखकाचं नाव मी लिहिणार नाही, त्यांचं नाव फ्लेक्सवर पुरेसं झालंय. धूम्रगडचं राज्य, काळं सरोवर, परागंदा राजपुत्र, असा तो सगळा प्रकार. एकेक भाग वर्षा-दीड वर्षानं यायचा आणि भरमाण्णा पहिल्याच दिवशी हजर. तिसऱ्या भागात एक कुंभा नावाडी आहे. राजपुत्राला नदीपार नेतो, आपल्यातली नाचणीची भाकरी देतो. पैलतीरावर उतरताना राजपुत्र त्याला सांगतो, हितंच थांब, मी परत येतो. झालं. एवढंच काम त्याला. चौथ्या भागात राजपुत्र डोंगरातल्या वाटेनं परततो आणि सहाव्यात गादीवर बसतो.

सहाव्या भागाची शेवटची दोन पानं भरमाण्णानं माझ्यासमोर वाचली. पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. मग मला विचारलं, "आक्का, कुंभा कुठाय?"

मी म्हटलं, कोण कुंभा? मी ते भाग कुठं वाचले होते! त्यानं सगळं सांगितलं. मी म्हटलं, राहिलं असेल लिहायचं. तो म्हणाला, "राहील कसं? थांब म्हणून सांगितलंय त्याला. त्यो बसलाय तिथं." तेव्हापासून महिन्या-पंधरा दिवसांनी तो विषय निघायचा. पावसाळ्यात मलप्रभेला पूर आला की म्हणायचा, कुंभाच्या तीरावर बी पाणी चढलं असंल. मी वैतागायचे. माणसाला दुसरे उद्योग नाहीत का, असं मनात म्हणायचे.

आणि मग समितीनं ठरवलं, की वाचनालयाच्या वर्धापनदिनाला त्याच लेखकाला बोलवायचं. समिती म्हणजे वकीलसाहेब आणि त्यांच्या होला हो करणारे सात-आठ जण. त्या सात-आठांत सहा भागांमधलं एक पानही कुणी वाचलं नव्हतं, पण लेखक टीव्हीवर दिसायचा. भाषण दुपारी, आणि संध्याकाळी साहेबांच्या सांबऱ्याच्या मळ्यात गौरवाचं जेवण. लेखकाचं दुसऱ्या दिवशी सकाळचं विमानही सांबऱ्याच्या विमानतळावरूनच, म्हणून ते सोयीचं.

लेखक खातो काय, हा प्रश्न निघाला. फोन करून विचारायला कुणी तयार होईना. आमच्याकडं पाहुण्याला 'काय खाणार' म्हणून विचारणं म्हणजे 'खाऊ नको' म्हणण्यासारखंच, ते कमीपणाचं मानतात. साहेब मला म्हणाले, बाई, तुम्ही पुस्तकांतल्या, तुम्हाला माहीत असेल. मी भरमाण्णाला विचारलं, कारण त्या पुस्तकांतलं दुसरं कोण जाणणार! तो छातीवर हात ठेवून म्हणाला, माणूस पक्का मटणखाऊ हाय, आक्का, दुसऱ्या भागातली लढाईच्या आदल्या दिवशीची मेजवानी वाचा, तोंडाला पाणी सुटतंय, न खाणाऱ्याला असलं लिवताच यायचं न्हाय. मी तेच समितीला जाऊन सांगितलं, माझं मत म्हणून.

स्वयंपाक भरमाण्णाकडंच आला. त्यानं एकच अट घातली. जेवण झाल्यावर लेखकाला एक प्रश्न विचारू द्यायचा. मी म्हटलं, मी स्वतः पुढं नेते तुम्हाला. दिला शब्द.

त्या दुसऱ्या भागात सैनिक नदीतले गोटे विस्तवात लाल करून मटणाच्या हंड्यात टाकतात आणि हंडा बंद करतात, असं लिहिलंय. तेच करायचं भरमाण्णानं ठरवलं. खानापूरजवळ मलप्रभेच्या पात्रातून पोतंभर गोटे आणले. पहिल्या खेपेला दगड फुटून मटणात कच आली. मग त्याच्या लक्षात आलं, की लेखकानं ओलेच दगड विस्तवात घातलेत. ओला दगड फुटणारच. त्यानं आठ दिवस गोटे पत्र्यावर उन्हात वाळवले, तीनदा करून बघितलं, तिसऱ्यांदा जमलं. मला सांगायला आला. लेखकाला दोष दिला नाही, म्हणाला, घाईत लिवलं असंल.

वर्धापनदिनाला लेखक बोलले झकास, खोटं कशाला सांगू. म्हणाले, माझी पात्रं मला झोपू देत नाहीत, उशाशी येऊन बसतात आणि न्याय मागतात. मला भरमाण्णाची आठवण झाली. तो तिकडं सांबऱ्यात चुलीपुढं होता. मनात म्हटलं, कुंभाही येत असेल यांच्या उशाशी. आज उत्तर मिळणार बघ भरमाण्णाला. मला त्याच्याहून जास्त घाई झाली होती.

मळ्यात दिव्यांच्या माळा, खुर्च्या आणि मागं भला मोठा फ्लेक्स. त्यावर लेखकाचा फोटो तळहाताएवढा आणि वकीलसाहेबांचा परातीएवढा. पाहुण्याच्या आधी कुणी ताटाला हात लावायचा नाही, म्हणून सगळे लाळ गिळत उभे. भरमाण्णानं नवी टोपी घातली होती. त्यानं कणकेनं बंद केलेला हंडा लेखकासमोर आणवला, स्वतःच्या हातानं झाकण सोडवलं आणि वाफ उसळल्यावर लेखकाच्या तोंडाकडं बघत राहिला. ओळख पटायची वाट बघत होता तो.

लेखकानं खिशातून रुमाल काढून नाकावर धरला आणि ते दोन पावलं मागं सरले. म्हणाले, मी शुद्ध शाकाहारी आहे हो, जन्मापासून. आणि यात दगड कशाला?

मी पुढं होऊन म्हटलं, तुमच्याच दुसऱ्या भागातलं आहे हे. ते हसले. "असं लिहिलंय मी? कमाल आहे. अहो, लिहितो ते सगळं खायला लागलो तर कसं व्हायचं?" समिती हसली. पाहुणा हसला की हसायचं, एवढं त्यांना कळतं.

मग साहेबांचा चेहरा बदलला. मटण खातात म्हणून सांगितलं कोणी, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. सांगितलं मी होतं. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले. भरमाण्णानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, मी सांगितलं साहेब, माझी चूक झाली. त्याला चार शब्द ऐकवले गेले. रेड्याला काय कळतंय पुस्तकातलं, असाही एक होता त्यात. गाडी पाठवून रस्त्यावरच्या हॉटेलातून पनीर आणलं, लेखकांना वाऱ्याच्या बाजूला बसवलं, आणि भरमाण्णाला सांगितलं, तू लांब राहा, तुझ्या अंगाला वास मारतोय.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलंय. ज्या मटणाबद्दल लेखकाची दहादा माफी मागितली, त्याच्यावर ही माणसं तुटून पडली. कोपरापर्यंत रस्सा ओघळतोय, नळ्या फुर्रकन ओढताहेत, चोखलेली हाडं फ्लेक्सच्या खाली टाकताहेत. तोंड भरलेलं असताना एकमेकांना सांगताहेत, आचारी अगदीच अडाणी. ढेकर देऊन पुन्हा वाढून घेताहेत. दोघांनी तर घरून डबे आणले होते, ते भरून ठेवले. मी पाणीसुद्धा प्याले नाही.

भरमाण्णा टाकीवर हात धूत होता. साबण लावून, पुन्हा साबण लावून, नखं काडीनं कोरून. तिसरा भाग त्यानं टॉवेलात गुंडाळून आणला होता. मी शब्द दिला होता, म्हणून पुढं नेलं. लेखक बडीशेप खात होते. मी म्हटलं, हे तुमचे सगळ्यात जुने वाचक, यांना एक विचारायचंय.

"साहेब," भरमाण्णा म्हणाला, "तिसऱ्या भागात राजपुत्र कुंभा नावाड्याला म्हणतोय, थांब, मी येतो. फुडं राजपुत्र डोंगरावरनं आला. मग कुंभा कुठाय?"

लेखकानं वकीलसाहेबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कोण कुंभा?"

भरमाण्णानं तमालपत्राच्या खुणेवर पुस्तक उघडून पुढं धरलं. लेखकानं ते दोन बोटांच्या चिमटीत घेतलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, "शी, पुस्तकाची काय दशा केलीत ही!"

शब्द माझे होते. सूरही माझाच. अठ्ठावीस वर्षं मी त्याच सुरात बोलत आले होते आणि तो कसा ऐकू येतो हे मला त्या मळ्यात कळलं. लेखकानं बोटं रुमालाला पुसली आणि समजुतीनं सांगितलं, की छोटं पात्र असतं हो, गरजेपुरतं येतं, जातं. मेला असं समजा.

भरमाण्णानं विचार केला. खरोखर केला, चेष्टा समजून सोडलं नाही. मग म्हणाला, "मेला असता तर तुमी लिवलं असतं, साहेब. मेलेले समदे लिवल्यात तुमी. घोडीसुदीक लिवलीय."

लेखक एवढंच म्हणाले, वा. फोटोवाला आला होता, ते तिकडं वळले. साहेबांनी मला खूण केली, बाई, याला आत न्या. आणि मी नेलं. दंडाला धरून नेलं, जत्रेत हरवलेल्या पोराला नेतात तसं. त्या रात्रीचा सगळ्यात किळसवाणा माणूस शोधायचा तर लेखकही नव्हे आणि हाडं चोखणारेही नव्हेत. आरशात बघायला मला लई दिवस जड गेलं.

चुलीपाशी भरमाण्णा एकच वाक्य बोलला. "त्यास्नी ठाऊकच न्हाय, आक्का." मग हंड्यातले गोटे काढून एकेक धुतला आणि पोत्यात भरला. तो जेवला नाही.

त्यानंतर एकदाच तो वाचनालयात आला. तिसरा भाग टेबलावर ठेवला आणि मधे नेलेलं दुसरं एक नवं पुस्तक परत केलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी उघडून बघितलं. एक डाग नाही. तमालपत्र नाही. शेवटची दोन पानंही माझ्यासमोर वाचली नाहीत त्यानं. मी ते पुस्तक नाकाशी नेलं, नुसत्या कागदाचा वास. माझ्या उभ्या नोकरीत कुठल्या पुस्तकाची एवढी किळस मला आली नव्हती. काही बोलावं म्हणून मान वर केली तोवर तो पायऱ्या उतरून गेला होता.

तो येईना. मीच वाट बघायला लागले. येता-जाता त्याची फळी पुसून ठेवायचे. त्याच सुमारास मी निवृत्त झाले, आणि जाताना तिसरा भाग माझ्या नावावर काढून घेतला. आता मीही तो वाचला होता, तीनदा.

पुढच्या उन्हाळ्यात खानापूरकडं बहिणीच्या गावची जत्रा होती. मटण भरमाण्णाचं, असं तिच्याकडून कळलं, म्हणून गेले. मलप्रभेच्या काठावर आंब्याखाली चुली मांडलेल्या आणि तिथं भरमाण्णा. अंगानं निम्मा राहिला होता. मला बघून हसला, बसा म्हणाला, पालथं पातेलं पुढं सरकवलं. मी पिशवीतून पुस्तक काढून त्याच्यापुढं धरलं. त्यानं दोन्ही हात मागं घेतले. म्हणाला, "हात घाण हायेत, आक्का."

माफी मागायला गेले होते, पण तेवढं धैर्य झालं नाही. म्हटलं, मग मी वाचते, तुम्ही ऐका. त्याला ते पटलं. मी कुंभाच्या प्रकरणाला सुरुवात केली. तो पळी फिरवत होता, ओठ माझ्याबरोबर हलवत होता, त्याला सगळं तोंडपाठ होतं. मधेच उठला, वाफ ओढली, एक मूठ मीठ टाकलं, येऊन बसला. होडी नदीत निघाली. कुंभानं भाकरी मोडली. राजपुत्रानं ती खाल्ली. होडी पैलतीराला लागली. मी पान उलटायला बोट लावलं आणि त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. हळदीचा, तेलाचा, गरम.

"हितंच मिटा," तो म्हणाला. "फुडच्या पानावर राजपुत्र त्याला थांब म्हणतोय. वाचलंच न्हाय, तर त्यो बसंल कशाला?"

मी पुस्तक मिटलं. मटणाची हाक आली आणि तो उठून चुलीकडं गेला.